चांदावरची वावटळ

गावात किस्से गोळा करावे लागत नाहीत. बोडीत पाणी साचावं तसे ते साचत जातात, आपण फक्त काठावर बसायचं. आमचा काठ म्हणजे करडी गावातली चहाटपरी. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे यान चंद्रावर उतरल्यापासून आभाळातला प्रत्येक प्रॉब्लेम माझ्याच गळ्यात पडतो.

*

चैतात वावटळीने धनराजभाऊंच्या गुरांच्या कोठ्यावरचं टिन उडवलं. ते चेपलेलं टिन घेऊनच भाऊ टपरीवर आले आणि चहा मागायच्या आधी मला म्हणाले, "गुरुजी, चांदावर वावटळ येते का?"

"नाही. वावटळीला हवा लागते. तिथे ती नाहीच."

"मंग कोठा तेथंच बांधतो."

"आणि गुरं श्वास कशाचा घेतील?"

चहा संपेपर्यंत भाऊंनी विचार केला. "गुरं इथंच ठेवीन. कोठा तेवढा तेथं."

*

सुरेश जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहे, रविवारी गावात असतो. त्याचं म्हणणं, "चांदावर ढग नाही, पाणी नाही. तेथं हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याची मजाच आहे. कधी चुकनच नाही."

शिक्षकाला गप्प बसवत नाही. मी सांगितलं, सूर्याकडून बारीक कणांचा झोत तिथे सतत येतो, त्याला सौरवारा म्हणतात. पण त्याने झाडाचं पानही हलणार नाही.

"वारा सुटला म्हणते, अन् पान हालत नाही," सुरेश म्हणाला. "मंग आपल्या इथल्या अंदाजासारखंच झालं का नाही हे?"

*

एकदा कापलेलं धान शेतातल्या बांधीत पडलेलं असताना चंद्राला खळं पडलं. आमच्यातले सर्वांत म्हातारे रामाजीबुवा म्हणाले, "चांदावरून पाणी निघालं."

मी समजावलं, की ते कडं चंद्रावर नसतंच. आपल्याच आभाळात उंचावर बर्फाचे कण असतात, त्यांच्यामुळे दिसतं. बुवांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर असन तुमचं," ते उठत म्हणाले. "मी धान झाकून येतो."

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. बुवा मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

*

मुकुंदाभाऊ रोज येतात, पण फारसं बोलत नाहीत. त्यांची बायको उन्हाळ्यात गेली. तिने सारवलेल्या ओसरीच्या भिंतीवर तिच्या बोटांच्या रेघा तशाच होत्या. पावसाळाभर भाऊंनी त्या भिंतीवर ताडपत्री बांधून ठेवली. दिवाळी आली, घरोघरी सारवण सुरू झालं, तरी ते सुनेला भिंतीला हात लावू देईनात. ती बिचारी माती भिजवून बसलेली.

त्या संध्याकाळी त्यांनीच विषय काढला. "गुरुजी, चांदावर पाय उमटला त तसाच राह्यते म्हणते?"

"लाखो वर्षं राहील, भाऊ. पुसायला वारा नाही, पाऊस नाही."

"अन् पाहाले कोन आहे तेथं?"

"कोणीच नाही."

त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला आणि घरी गेले. उगाच बोललो असं मला वाटत राहिलं.

सकाळी शाळेत जाताना त्यांच्या घरावरून गेलो. ताडपत्री सोडलेली होती. सून भिंत सारवत होती आणि मुकुंदाभाऊ मातीची बादली धरून तिच्यामागे उभे होते.

"बोटं फाकवून ओढ, बाई," ते तिला सांगत होते. "तुयी सासू तशी ओढे."