मोकाशीकाकांचा बुधवार

व्यापार हा माणसांच्या परस्परविश्वासावर उभा असतो, असं मोकाशीकाका म्हणत. हे वाक्य त्यांनी आपल्या दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली मराठी आणि जपानी अशा दोन्ही भाषांत ठळक अक्षरांत लावलं होतं. आणि दर बुधवारी सकाळी, दुकान उघडण्याआधी, ते आमच्या इमारतीचा कचरा तपासायला येत.

टोकियोत कचऱ्याला वार असतात, आणि निशी-कसाईच्या आमच्या भागात बुधवार हा पुठ्ठ्याचा वार. रिकामी खोकी उलगडायची, सपाट करायची, दोरीने बांधायची आणि जिन्याखालच्या जाळीच्या कोपऱ्यात ठेवायची. काका आमच्याच संकुलात राहत, त्यामुळे तिथे उभं राहायचा त्यांना पूर्ण अधिकार होता. हात पाठीमागे बांधून, मान किंचित कलती करून, ते चित्रांचं प्रदर्शन बघावं तशी ती खोकी बघत. ते हत्ती शोधत असत. भारतीय किराणा घरपोच पाठवणारी एक कंपनी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिच्या खोक्यावर सोंड वर करून हसणारा निळा हत्ती छापलेला असे, आणि हत्तीच्या पोटाखाली घेणाऱ्याचं नाव.

हत्ती दिसला की काका चष्मा कपाळावर चढवून नाव वाचत आणि पुटपुटत, "नोंद झाली." नोंद कुठे लिहिलेली नसे. त्या माणसाशी काका पुढच्या खेपेला नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत, हीच नोंद.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो ते साबुदाणा घ्यायला गेलो तेव्हा. स्टेशनच्या दक्षिणेला, सायकलदुरुस्तीच्या आणि एका तोफूवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानांच्या मधोमध 'मोकाशी स्टोअर्स' होतं. अरुंद, लांबट, आत शिरलं की हिंगाचा वास. काउंटरमागे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, साठीपलीकडचा, कोणत्याही क्षणी हरकत घेईल अशा चेहऱ्याचा माणूस.

"कधी आलात?"

"परवा."

"किती वर्षांसाठी?"

"दोन."

"सगळे दोनच सांगतात. मीही दोनच सांगितली होती." मग साबुदाण्याच्या पिशवीवर हात ठेवून, "उपास आहे की आवड?"

"आवड."

"मग अर्धा किलो पुरे. आवड लवकर संपते."

काका मुंबईच्या एका व्यापारी कंपनीच्या योकोहामा कचेरीत आले होते. पुढे कंपनीने कचेरी बंद केली. बाकीचे परत गेले, हे राहिले, कारण मुलगा शाळेत मध्यावर होता. मुलाची शाळा झाली, कॉलेज झालं, तो ओसाकाला नोकरीला लागला आणि वडिलांच्या मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं देऊ लागला. तोवर दुकान उभं राहिलं होतं. काकांच्या मते ते त्यांनी काढलं नव्हतं, ते त्यांच्यावर येऊन पडलं होतं.

दुकानदार म्हणून ते आदर्श होते असं म्हणवत नाही. टोकियोत दुपारी जेवणानंतर झोपायला बंद होणारं दुकान मी दुसरं पाहिलं नाही. वरच्या फळीवरच्या मसाल्यांवर धूळ असे. भाव हत्तीवाल्यांपेक्षा नेहमीच चढे. फोनने पैसे घेत नसत. "फोनने पैसे दिले की दुःख होत नाही, आणि दुःख झाल्याशिवाय माणूस वस्तू नीट वापरत नाही," हे त्यांचं अर्थशास्त्र. एखाद्याने पोह्यांची पिशवी उचलून, उलटीसुलटी बघून परत ठेवली तर ते म्हणत, "नको असेल तर घेऊ नका. पण अशी तपासणी लग्नात मुलींचीसुद्धा बंद झाली आता."

एक गोष्ट मात्र ते शेजारच्या तोफूवाल्याकडून शिकले होते. गिऱ्हाईक निघालं की दाराबाहेर येऊन कमरेत वाकायचं आणि ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत वाकलेलंच राहायचं. आम्हा मराठी मंडळींना याची इतकी लाज वाटे की आम्ही त्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ धावत जायचो. मी एकदा त्यांना म्हटलंही, "काका, आम्हाला कशाला? घरचीच माणसं आपण."

"घरच्या माणसाला पाठ दाखवून गेलेलं चालतं," ते म्हणाले, "दुकानदाराला तो कुठे वळला ते बघावं लागतं." कोपऱ्यावरून डावीकडे घरं होती आणि उजवीकडे सुपरमार्केट.

गिऱ्हाईक टिकून होतं ते खरं काकांच्या पत्नी, विजयाकाकूंमुळे. शाळेतून आलेली जपानी पत्रकं घेऊन आमच्याकडच्या बायका दुकानात येत आणि काकू ती मिरच्या निवडता निवडता वाचून दाखवत. उद्या मुलाला फरशी पुसायचं फडकं शिवून पाठवायचं आहे, परवा डबा न्यायचा नाही, अमुक मापाचीच पिशवी हवी. सुटीवर गेलेल्यांच्या किल्ल्या काकूंकडे. गणपतीचं मखर वर्षभर दुकानाच्या पोटमाळ्यावर. यातल्या कशाचेच पैसे नव्हते. पत्रक वाचून घेतल्यावर काहीतरी घ्यायला हवं म्हणून बायका मोहरीची एक पुडी घेत आणि बाकीची यादी घरी जाऊन फोनवर मागवत. निशी-कसाईत त्या काळात घरोघरी इतकी मोहरी साठली होती की फोडणीला दुसरं काही घालायची गरज नव्हती.

बुधवारची वार्ता पसरली तेव्हा आमच्या हुशार मंडळींनी उपाय शोधला. खोक्यावरचं नाव फाडून टाकायचं आणि खोकं उलटं करून बांधायचं, म्हणजे हत्ती आत. आमच्या घरातली खोकीही तशीच जात. याचा एक अनपेक्षित फायदा झाला. रहिवाशांच्या वार्षिक सभेत इमारतीच्या जपानी व्यवस्थापकाने उभं राहून भारतीय कुटुंबांची स्तुती केली. खोक्यावरचं नाव फाडल्याशिवाय ते कधीच खोकं टाकत नाहीत, वैयक्तिक माहितीबाबत इतकी जागरूकता इतरांनीही दाखवावी, असं तो म्हणाला. आम्ही विनयाने माना लववल्या. काका मागच्या रांगेत बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते.

तरी एखादा सापडेच. एका बुधवारी चौथ्या मजल्यावरची सोनाली उशीर झाल्यामुळे सरळ खोकं घेऊनच खाली आली. हत्ती बाहेर.

"काय सोनाली, लॅपटॉप मागवलास का गं? हत्तीच्या खोक्यातून पाठवतात वाटतं आता."

"अहो काका, ते शेजारणीचं पार्सल आलं होतं माझ्याकडे."

"शेजारीण जपानी ना तुझी?"

"हो."

"छान. मेतकूट खायला लागली." खोक्याच्या बाजूवर आतल्या मालाची यादी छापलेली होती. काकांनी ती तिच्यासमोर दोन बोटांनी अलगद झाकली, जणू तिचीच लाज राखत होते. सोनाली दुपारी दुकानात गेली आणि मोहरी घेऊन आली.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, निदान आमच्या बाजूने. मग काकांच्या दुकानाचा भाडेकरार संपत आला. मार्चअखेर तो नवा करायचा होता, आणि घरमालकाला दिवाळी झाल्या झाल्या कळवायचं होतं, दुकान ठेवणार की सोडणार. हे आम्हाला कळलं ते काका स्वतः इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीला आले तेव्हा. याआधी ते कधी आले नव्हते. मंडळात भाषणं फार होतात आणि चहा थंड असतो, असं त्यांचं मत होतं, आणि ते बरोबर होतं.

त्या दिवशी ते व्यापारी कंपनीच्या काळातला टाय लावून आले. अध्यक्ष होता निखिल राजवाडे, एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, चाळिशीचा, बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढायची सवय असलेला. काका त्याच्यासमोर उभेच राहिले.

"दिवाळीच्या फराळाचं सगळं सामान यंदा माझ्याकडून घ्या," ते म्हणाले. "भाव तुम्ही सांगा."

ज्या माणसाने आयुष्यात कोणाला भाव कमी करून दिला नव्हता, त्याच्या तोंडून हे ऐकून मंडळींनी हातातले फोन खाली ठेवले. "एवढी एक मोठी ऑर्डर मिळाली तर घरमालकाला हो म्हणून सांगता येईल. एवढंच," काका म्हणाले आणि बसले.

निखिलने हवेत चौकोन काढला. "काका, असं काय बोलता? तुमचं दुकान हे दुकान नाहीच आहे. ती आपली संस्था आहे. आम्ही सगळे नक्की पॉझिटिव्हली बघू."

मी तेव्हाच समजायला हवं होतं. दुकानाला कोणी दुकान म्हणतं तोवर तिथून काहीतरी विकत घ्यावं असं वाटतं. संस्था म्हटलं की अभिमान बाळगला तरी पुरतो.

निर्णय फोनवरच्या ग्रुपमध्ये झाला. हत्तीवाल्यांनी फराळाचं सामान सवलतीत द्यायची तयारी दाखवली, शिवाय कार्यक्रमाला प्रायोजक व्हायची. व्यासपीठामागे त्यांचा फलक लागणार होता. कोणी विरोध केला नाही. 'काकांनाही कुठेतरी इन्व्हॉल्व्ह करू या,' असं एकाने लिहिलं, त्यावर अंगठ्यांची रांग लागली आणि विषय संपला. काकांना कळवायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं.

त्यांना कळलं ते बुधवारी. सामान निखिलच्या घरी उतरलं होतं आणि निखिल आमच्याच इमारतीत राहतो. इतकी खोकी उलटी करून बांधायला कोणाला वेळ नव्हता. जिन्याखालच्या कोपऱ्यात हत्तींचा कळप उभा होता, अर्धवट उलगडलेला, न बांधलेला, प्रत्येकाच्या पोटाखाली अध्यक्षांचं पूर्ण नाव. मी ऑफिसला निघालो होतो. काका तिथे उभे होते. मला पाहून त्यांनी "नोंद झाली" म्हटलं नाही. खिशातून दोरी काढली, खाली बसले आणि एकेक खोकं सपाट करून गठ्ठे बांधू लागले.

"काका, राहू द्या. निखिलला सांगतो मी."

"बांधले नाहीत तर गाडी नेत नाही," ते म्हणाले. "आठवडाभर इथेच पडतील. येणारेजाणारे म्हणतील, भारतीयांचं आहे." गाठ त्यांनी जपानी दुकानदार मारतात तशी मारली, घट्ट आणि एका ओढीत सुटणारी. मी ट्रेनची वेळ झाल्याचं सांगितलं. ती झालीच होती.

दिवाळी झाली. फराळ उत्तम झाला होता, फक्त चकल्या थोड्या कडक. काकांनी घरमालकाला 'नाही' म्हणून कळवलं.

दुकान बंद व्हायच्या दिवशी रांग लागली होती. शेवटचा माल निम्म्या किमतीत होता हे त्याचं एक कारण. फोटो निघाले. काकूंना मिठ्या मारून बायका रडल्या. वर्षानुवर्षं ज्यांची पत्रकं काकूंनी वाचली त्या रडणारच, आणि ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मला नमूद करायला हवं. सोनाली काउंटरपाशी येऊन म्हणाली, "काका, आता आम्ही काय करायचं हो?"

"जे करत होतीस तेच गं," काका म्हणाले आणि तिच्या पिशवीत मोहरीची पुडी टाकली. "ही माझ्याकडून."

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मंडळाने त्यांचा सत्कार केला. व्यासपीठामागच्या फलकावर हत्ती सोंड वर करून हसत होता. त्याच्या पुढ्यात काका टाय लावून, काकू नऊवारी नेसून. निखिलने भाषणात 'परदेशस्थ मराठी माणसाच्या उद्यमशीलतेचा दीपस्तंभ' असं काहीतरी म्हटलं, संस्था हा शब्द पुन्हा आला, आणि काकांना 'व्यवसायमहर्षी' ही पदवी काचेवर कोरून देण्यात आली. मग शाल. मग नारळ.

नारळ हातात येताच काकांनी सवयीने तो कानापाशी नेला आणि हलवला. पुन्हा हलवला. ध्वनिक्षेपक समोरच होता.

"पाणी आटलंय," ते म्हणाले. "माझ्याकडचा असता तर बदलून दिला असता."

सभागृह खळखळून हसलं. टाळ्या पडल्या. काकांची विनोदबुद्धी या वयातही शाबूत आहे, असं माझ्या शेजारचा गृहस्थ म्हणाला. काका हसले नाहीत. ते व्यासपीठाच्या कडेला आले आणि आमच्याकडे तोंड करून कमरेत वाकले, दुकानाच्या दारात वाकत तसे. आम्ही खुर्च्यांवर बसलेलो होतो. आम्हाला वळायला कोपरा नव्हता, आणि आम्ही वळल्याशिवाय ते सरळ कसे होणार. टाळ्या थांबल्या, पुढच्या नाचाच्या मुली विंगेत ताटकळू लागल्या, तरी ते वाकलेलेच. शेवटी काकूंनी कोपराला धरून त्यांना उठवलं.

आठवड्याभरात ते दोघं ओसाकाला मुलाकडे गेले. जाताना मखराचं काय करायचं ते काकूंनी निखिलला विचारलं. मंडळाकडे जागा नव्हती, म्हणून ते मोठ्या कचऱ्याच्या वारी नोंदणी करून रीतसर टाकण्यात आलं. दुकानाच्या जागी आता नाणी टाकून कपडे धुवायची यंत्रं आहेत. ती दुपारी झोपत नाहीत.

गेल्या महिन्यात इमारतीच्या व्यवस्थापकाने लिफ्टमध्ये जपानी आणि इंग्रजीत एक सूचना लावली आहे. पुठ्ठ्याची खोकी टाकताना त्यांवरची नावं फाडून टाकावीत, अशी त्यात रहिवाशांना नम्र विनंती आहे. आमच्या इमारतीत ही सूचना यापूर्वी कधी लावावी लागली नव्हती.