सर्वेत वहिनी नव्हतीच

मंडळी, दुपारपासून मी सुन्न आहे.

माझ्या पीएचडीचा सर्वे आहे: काशीतल्या मराठी घरांत कोणती भाषा बोलतात? जवळजवळ सगळ्यांनी 'मराठी' सांगितलं. मी खूश! आज स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी विचारलं, "उत्तरं कुणी दिली?"

"घरातल्या कर्त्या पुरुषांनी."

"मग हा नमुना पुरुषांचा झाला, घरांचा नाही."

घरी येऊन वहिनीला विचारलं. ती गंगेपलीकडच्या रामनगरची, माहेर मराठी नाही, पण आमच्याशी छान मराठी बोलते.

"बाळाशी भोजपुरीच बोलते, दीदी. दार लावून."

"दार लावून? का गं?"

"आईंना चालेल का, माहीत नाही. मला कधी कुणी विचारलंच नाही."

आमच्याच घरात हे! आमचं उत्तर बाबांनी दिलं होतं.

उद्यापासून प्रत्येक घरी पुन्हा जाणार, सुनांना विचारायला.

तुमच्या घराच्या वतीनं उत्तरं कोण देतं?