सुंदरामावशींच्या सात गोधड्या

मुलुंडच्या आमच्या चाळीत सुंदरामावशी समोरच्याच खोलीत राहायच्या. नगरकडच्या एका मिशन दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी तीस वर्षं आयाचं काम केलं आणि म्हातारपणी लेकाकडे मुंबईला आल्या. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसायच्या. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, की खुशाल खोकायच्या.

अठ्ठ्याऐंशी साली बांगलादेशात महापूर आला. तिथल्या एका अनाथाश्रमातल्या मुलांची अंथरुणं-पांघरुणं वाहून गेली, थंडी तोंडावर आलेली. आमच्या चर्चच्या मंडळीनं मदत करायचं ठरवलं. उपासना संपताच मावशी उठल्या. "गोधड्या मी शिवते."

घरी येऊन त्यांनी ट्रंकेतली जुनी लुगडी सगळीच्या सगळी काढली, उकळत्या पाण्यात सोडा घालून धुतली. दुपारची भांडी आवरली, की मी धावदोरा घालायला जाई. "मीरे, हा टाका आहे का बैलाची उडी? उसव आधी!" असं ऐकत ऐकत महिनाभरात सात गोधड्या झाल्या.

माझ्या वहीत तारीख आहे, रविवार, १६ ऑक्टोबर. मंडळीचे सेक्रेटरी मधुकर यांनी आश्रमाचं पत्र वाचून दाखवलं. 'कृपया जुने कपडे पाठवू नयेत. आलेल्यांतले निम्मे फाटके, मळके निघाले.'

"मावशी, गोधड्या नाही जाणार," मधुकर म्हणाले. "आपण नवीन ब्लँकेटं घेऊ."

"अरे, नव्या कापडाची गोधडी शिवतं का कुणी?"

"मी काय करू? लिहूनच आलंय ना."

घरी आल्यावर मावशी म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय गं त्यांनी. आईबाप नाहीत म्हणून काय पोरांना चिंध्या द्यायच्या?" आणि गोधड्या पलंगाखाली सारल्या. पण रोज संध्याकाळी त्यांचं गीत आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायचं, ते तीन दिवस आलं नाही. मी प्रार्थनेत म्हटलं, "प्रभू, मधुकरला बुद्धी दे." मग माझी मलाच लाज वाटली. माणूस काही वाईट नव्हता.

गुरुवारी सकाळी मधुकरच दारात. पहाटे त्यांची बायको अनुपमा बाळंत झाली होती, मुलगी. पहिलंच मूल, आणि दोघांचेही वडीलधारे गावी.

"मावशी, सिस्टर म्हणाल्या, बाळाला गुंडाळायला जुनं, मऊ लुगडं आणा. तुमच्याकडे असेल ना?"

"जुनं?" मावशींनी डोळे मोठे केले. "छे रे बाबा! नियम आहे."

मी तोंडाला पदर लावला. मधुकरांचे कान लाल झाले.

"मधू, तीस वर्षं मी बाळं गुंडाळली. मामलेदाराचं असो नाहीतर मजुराचं, पहिलं वस्त्र जुनंच. नवं टोचतं त्यांना."

पण ट्रंक रिकामी होती. अंगावरचं एक आणि दोरीवरचं एक, एवढीच दोन लुगडी त्यांनी नेसायला ठेवलेली. त्यांनी दोरीवरचं काढलं, टर्रकन फाडून चार तुकडे केले आणि मधुकरांच्या हातात दिले.

मधुकर बोटांनी ते कापड चाचपत राहिले. मग म्हणाले, "मावशी, मी पुन्हा पत्र लिहितो. गोधड्या नवीनच आहेत असं..."

"खोटं लिहायचं नाही! जुन्या लुगड्यांच्या आहेत, असंच लिही. कशा धुतल्या तेही लिही. आणि हा काठाचा तुकडा पाकिटात घाल. हात लावून बघू देत त्यांना."

नोव्हेंबर सरता सरता उत्तर आलं. 'कापड पाहिलं. सातही पाठवा.'

गठ्ठा बांधून निघाला त्या दिवशी मावशी लेकानं नाताळासाठी आणलेलं कोरं लुगडं नेसून आल्या होत्या. अंगावरचं तेवढं एक जुनं होतं, तेही धुऊन, शिवून आठवी गोधडी म्हणून गठ्ठ्यात गेलं होतं.

"टोचतंय गं मेलं," त्या मान खाजवत म्हणाल्या. "चार वर्षं तरी धुवावं लागेल. तोवर देवा, कुठं पूर नको आणूस रे."

संध्याकाळी त्यांचं गीत ऐकू आलं. मी भाकरी थापता थापता तेच त्यांच्या मागोमाग म्हटलं.