दारुड्याचं काम

छडीचं टोक माझ्या छातीत रुतवून मास्तर म्हणाले, "दारुड्या तू. तुला शिकवायला नको. तुमच्या रक्तातच असते."

सातवीचा अख्खा वर्ग हसला. मीही हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दारूबंदीचा कायदा नवा होता. दरवर्षी शाळा दारूबंदी सप्ताह करायची आणि शेवटच्या दिवशी चावडीपुढे नाटक. दारुड्या महारवाड्यातला, त्याला बडवणारा शिपाई पाटलाच्या घरचा, उपदेश करणारा बामणआळीतला. माझा दोस्त इस्माईल कल्हईवाल्याचा पोरगा. त्याला मास्तर म्हणाले, "तुमच्यात हराम ना? तू ढोल वाजव." मी नको म्हणालो असतो, तर मास्तरांनी फायनल परीक्षेचा माझा फॉर्म धाडला नसता. आमच्या घरात सातवीपर्यंत पोचलेला मी पहिला.

अडचण एकच. मला झिंगता येईना. माझा बा स्टेशनात हमाल होता. दारूचा थेंब त्याने कधी तोंडात घेतला नाही, पिणाऱ्याला तो दारातसुद्धा उभा करत नसे. तालमीत मास्तर खेकसायचे, "बापाला बघितलं नाहीस का कधी?" मला वाटलं, रक्तातली गोष्ट जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच. चौदा वर्षांचं डोकं. मास्तर खोटं कशाला बोलतील?

म्हणून शिकायला गेलो. भर दुपारी शाळा बुडवून मी आणि इस्माईल पवनेकाठच्या बाभळीत शिरलो. तिथे चोरून हातभट्टी लागायची. पत्र्याच्या डब्यातून एकेक घोट घेतला. माझ्या रक्तात होती, त्याला हराम होती. दोघं एकाच झाडाखाली आतडी पिळवटेस्तोवर ओकलो.

इस्माईल डोळे पुसत म्हणाला, "मास्तरला काय बी ठावं न्हाई, राव."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण झोकांड्या जमल्या, यावरच मी खूश होतो.

नाटकाला गाव लोटलं. बा महारवाड्यातल्या माणसांबरोबर लांब उभा. मी झोकांड्या दिल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग शिपाई आला. पाटलाचा थोरला. काठी नुसती जमिनीवर आपटायची, असं ठरलं होतं. पहिला फटका पोटरीवर बसला. दुसरा पाठीत. तिसऱ्याला ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं. लोक पोट धरून हसत होते. पुढं बसलेला पाटील ओरडला, "हाण लेका!"

थोरल्याने माझे केस धरून तोंड जवळ आणलं. भपकारा आला. बाभळीत गेलो नसतो तर तो वास मला कळला नसता. पाटलाकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळालेली परवान्याची बाटली होती. त्यांच्यात ते औषध.

मी काठी हिसकावली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो कोसळला. आणखी एक खांद्यावर घातली.

"ह्याचं तोंड हुंगा! ह्यो पिऊन आलाय!"

कुणीही हुंगलं नाही. दहा-बारा जण माझ्यावर तुटून पडले. खालचे दोन दात गेले. लाथांच्या खाली मला मास्तरांचा आवाज ऐकू आला, "बघा, चढली! म्हटलं नव्हतं?"

काठी मात्र मी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीवर चार माणसांत मास्तरांनी बापुढे कागद ठेवला. मी नशेत मारहाण केली, असं लिहिलेलं. मी सही केली तर फॉर्म जाणार होता.

बाने मला विचारलं, "पेलास?"

"एकदा. ह्यांचं काम शिकाया. काल न्हाई."

त्याने सर्वांदेखत माझ्या कानफटात दिली. मग म्हणाला, "आता तुझं तू ठरव." मी कागद फाडला. फॉर्म गेला नाही. मी रडलो, खूप रडलो. बाबरोबर हमालीला लागलो.

पुढच्या वर्षी मास्तर दारुड्या शोधायला आमच्या वस्तीत आले. मी आधीच दारोदार फिरलो होतो. एकही पोरगं उठलं नाही.

आता माझा मुलगा सातवीत आहे. काठी दाराआड उभी आहे. त्याच्या रक्तात काय आहे हे सांगायला कुणी आलं, तर मी आधी त्याचं तोंड हुंगणार. मग काठी घेणार.