येळवसच्या दिवशी सोडायला लावलेला पॉइंट

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हतो. अमावास्येला आमचा लातूरचा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद असतो, त्यावरून बाहेरगावचे पाहुणे काहीबाही विचारतात. मी म्हणायचो, हमालांनाही सुट्टी लागते की, त्यात अमानवीय काय आलं? या सदरातले अनुभव तर मी चहा पिता पिता, हसत वाचायचो. आज स्वतः लिहितोय... भीतीनं नाही, संतापानं.

मी गजानन. मूळचा कंधारचा, लातूरला एका दाळमिलच्या ऑफिसात बिलिंगला. पोलीस भरतीसाठी जिवाचं रान केलं होतं. पळण्यात पुढं, लेखीत पास, पण छाती फुगवली की जेवढी वाढायला पाहिजे तेवढी काही केल्या वाढेना. टेप धरणारा माणूस हसून म्हणाला, "घरचं तूप खा जरा." त्याचं ते हसणं मी अजून विसरलो नाही. होता होता वय निघून गेलं.

मग मिलमधल्या एका मित्रानं रोलप्लेचा नाद लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंप्युटरवर एक आख्खं शहर असतं. त्यात आपण एक पात्र घ्यायचं — कुणी ड्रायव्हर, कुणी डॉक्टर, कुणी चोर — आणि माइकवर बोलत त्या पात्रासारखंच वागायचं. पलीकडेही आपल्यासारखीच खरी माणसं असतात. आमचा सर्व्हर, म्हणजे आम्ही खेळायचो ते शहर, मराठी होता आणि त्यात वाहतूक शाखा होती. तिथं भरती व्हायला अर्ज, माइकवर मुलाखत, मग ट्रेनिंग. गाडी थांबवताना हात कसा करायचा, पावती कशी फाडायची, वायरलेसवर कसं बोलायचं, सगळं शिकवत. नियम दोनच, पण कडक. एक, पात्रातून बाहेर यायचं नाही, 'हा गेम आहे' असं तोंडातून निघालं की बाद. दुसरा, बदली माणूस आल्याशिवाय पॉइंट, म्हणजे नेमून दिलेली जागा, सोडायचा नाही.

छाती मोजली नाही कुणी. मी पहिल्या फटक्यात पास झालो. पडद्यावर का होईना, पांढरा शर्ट आणि खाकी पँट अंगावर चढली, छातीवर नंबर आला — एकशे सदतीस. हसायचं तर हसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

शाखेचा प्रमुख नांदेडचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा होता. वयानं माझ्याहून लहान, पण सगळे त्याला 'साहेब' म्हणायचे. आवाज असा की जन्मापासून खुर्चीतच बसलाय. सुट्टी मागितली की म्हणायचा, "ड्युटी म्हणजे ड्युटी." मला ते आवडायचं तेव्हा. गाढव होतो.

आता मुख्य गोष्ट. येळवस, म्हणजे वेळअमावस्या, आमच्याकडं दिवाळीहून मोठी. त्या दिवशी लातूर अक्षरशः ओस पडतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे, भज्जी, आंबील, उंडे पोटाला तडस लागेस्तोवर खायचं. आणि नेमका त्याच दिवशी साहेबांनी सर्व्हरवर 'मंत्र्यांचा दौरा' ठेवला. सगळ्या शाखेनं ताफ्याला हजर राहायचं, गैरहजर तो बाद.

आईनं फोन केला. "कामून येईनास रे? येळवसला कुणी घरात बसतंय का?"

"ड्युटी आहे आई."

"मिल बंद हाय ना?"

मागून सुनीताताईचा आवाज आला, "कंप्युटरावर पोलीस झालाय त्यो. खऱ्या पोलिसाला तरी सुट्टी भेटती गं." ताई माझी मोठी बहीण, कंधारजवळच्या झेडपी शाळेत शिक्षिका. ती टोपलं घेऊन टमटमनं शेतात निघणार होती, आई आधीच दुसऱ्या गाडीनं गेली होती आणि शेतातूनच बोलत होती... नाही, चुकलं. तो फोन सकाळचा, तेव्हा दोघी घरीच होत्या. आई पहिल्या खेपेला गेली आणि ताई नंतर. रागात लिहितोय, क्रम हुकतो.

दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी हेडफोन लावून मोठ्या पुलाच्या पॉइंटवर उभा होतो. म्हणजे माझं पात्र उभं होतं. ताफा निघायला वेळ होता. तेवढ्यात वायरलेसवर बाईचा आवाज आला.

"एकशे सदतीस, कंट्रोल बोलायले. ऐकू येतंय का?"

कंट्रोलला आमच्याकडं कायम पोरंच असायची. मला वाटलं, नवीन भरती असेल. बाई वयस्कर वाटत होती, बोलणं आमच्याच भागातलं. मी म्हणालो, "बोला मॅडम."

"चिंचेच्या वळणावर जावा. उतार हाय, डाव्या हाताला हीर हाय. टमटम येईल, थांबवा. तिच्यामागं दूधवाल्याची गाडी येईल, तिलाबी थांबवा. उसाची गाडी उतरेस्तोवर कुणालाच सोडायचं न्हाई."

आमच्या त्या शहरात समुद्र होता, उंच इमारती होत्या. चिंच नव्हती, ऊस तर नव्हताच. पण नकाशावर खूण उमटली, मी 'हो, टमटम आणि दूधवाला' म्हणालो आणि निघालो. शहराबाहेर एक वळण होतं, मोठं झाड, शेजारी विहीर. मी तो भाग आधी कधी बघितला नव्हता. वाटलं, सर्व्हरवाल्यांनी येळवसची गंमत म्हणून नवीन टाकलं असेल. शाबास म्हटलं मनात.

टमटम आली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला. ती थांबली. आणि तेवढ्यात साहेब वायरलेसवर आले.

"एकशे सदतीस, कुठं मेलास? पॉइंट सोड आणि ताफ्याच्या पुढं ये."

"सर, कंट्रोलचा आदेश आहे. एक गाडी यायची राहिली."

"कसलं कंट्रोल? आज कंट्रोलवर कुणीच बसवलेलं न्हाई. मंत्री निघालेत. आत्ताच्या आत्ता आला न्हाईस तर शाखेतून काढतो, मग बस घरी छाती फुगवत."

भरतीची गोष्ट मी त्याला एकदा विश्वासानं सांगितली होती. ती त्यानं सगळ्यांदेखत अशी वापरली. कोणी तरी खुसखुसलं. माझ्या कानशिलात आग पेटली, पण तोंडातून निघालं काय? "येस सर."

मी वळलो. मागून ती बाई म्हणाली, "अहो, थांबा की. एकच राहिलंय." ओरडली नाही, चिडली नाही. पाव्हण्याला जेवायला थांबवावं तसं म्हणाली. मी थांबलो नाही.

मंत्र्याचा ताफा म्हणजे कोण, तर साहेबांचाच एक मित्र काळ्या गाडीत बसून माइकवर 'मी लोकांना हात हलवतोय' अशी बढाई मारत होता. त्याच्यापुढं मी भोंगा वाजवत चाललो होतो.

संध्याकाळ व्हायच्या आत ताईचा फोन आला. रडत होती. शेताजवळच्या चिंचेच्या वळणावर — दुपारी पडद्यावर ते मला ओळखू आलं नव्हतं — उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली सुटून उलटली होती. ताईची टमटम वाचली, कारण वळणाच्या अलीकडंच एका ट्रॅफिक पोलिसानं हात करून ती थांबवली. ड्रायव्हर शिव्या देत होता, येळवसला बी पावत्या फाडायलेत म्हणून. तो पोलीस जवळ यायचा सोडून जागेवरच उभा राहिला. मग मान वाकडी करून काही तरी ऐकू लागला, एकदा "येस सर" म्हणाला आणि चिंचेमागं निघून गेला. ड्रायव्हर अजून सीटखाली लायसन शोधतच होता. मागून हणमंतकाका मोटारसायकलवर दुधाच्या कॅना लावून आले, टमटमला वळसा घातला आणि पुढं गेले...

हणमंतकाका म्हणजे आमचे शेजारी. लहानपणी त्यांच्याच सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेलोय. जीव वाचला त्यांचा. उजवा पाय मांडीपासून गेला.

"त्याची तक्रार करणार हाव आम्ही," ताई म्हणाली. "असा मधीच कसा काय निघून गेला? तोंड आठवंना बघ, पण छातीवरचा नंबर बघितलाय मी. एकशे सदतीस."

माझा नंबर घरी कुणालाच माहीत नव्हता. घरच्यांच्या लेखी तो सगळा 'गेम' होता.

ताईनं खरंच तक्रार करायचा प्रयत्न केला. कळलं एवढंच, की त्या वळणावर आजवर कुणी वाहतूक पोलीस उभा राहिलेला नाही. किती वर्षं गाव तिथं गतिरोधक मागतंय, ते वेगळंच.

मी सर्व्हरवाल्यांना सगळं लिहून कळवलं आणि वायरलेसचं रेकॉर्डिंग मागितलं. ते त्यांनी काढून दिलं. त्यात फक्त माझा आवाज आहे. 'बोला मॅडम.' मग बराच वेळ शांतता. मग 'हो, टमटम आणि दूधवाला.' पुन्हा शांतता. मग साहेब आणि मी. नकाशावर ते वळणही नाही, मी पुन्हा पुन्हा शोधलं. त्यांच्या नोंदीप्रमाणं माझं पात्र मोठ्या पुलावरून हललंच नव्हतं.

आणि यावर या लोकांनी काय केलं असेल? माझी कीव केली? घाबरले? छे. टाळ्या वाजवल्या! 'भावा, काय स्टोरी लिहिलीस', 'ताईचं कॅरेक्टर पण आण ना सर्व्हरवर', 'काका हॉस्पिटलमध्ये हा सीन पुढच्या आठवड्यात करू'. मी ओरडून सांगितलं, अरे हे खरं आहे, माझ्या गावातला माणूस लंगडा झालाय! तर साहेब म्हणाले, "बघा, याला म्हणतात पात्र न सोडणं." आणि मला बढती दिली. सगळ्यांसमोर, हवालदार म्हणून. मी त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या इथं छापता येणार नाहीत. त्यावरही हसले. त्या दिवसापासून हेडफोनला हात लावलेला नाही.

मित्र म्हणतात, मनाचे खेळ. एक जण म्हणाला, झोप कमी होते तुझी. मग ताईनं तो नंबर कुठून बघितला? ड्रायव्हरनं बघितला तो माणूस कोण? ती बाई कोण होती, तिला काय ठाऊक होतं, आणि एवढं ठाऊक होतं तर पाठवायला तिला मीच का सापडलो?

हणमंतकाकांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो. काकी चहा आणायला खाली गेली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. पात्र, नंबर, बाई, साहेब, सगळं. म्हटलं, आता हेही हसतील, नाही तर वेडा म्हणतील. काका, पांघरूण जिथं सपाट झालं होतं तिथं हात फिरवत, ऐकत राहिले.

"म्या लांबून बघितलो होतो त्याला," शेवटी म्हणाले. "उभा होता. हात बी वर होता. म्हणून गाडी हळू केलो. मग गेला निघून, तसा मी रेटली पुढं."

त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नव्हतं. कंप्युटरातला माणूस वळणावर कसा आला, बाई कुठून बोलली, त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सबंध आयुष्यात मला आवाज चढवून न बोललेला माणूस, पण डोळे लाल झाले होते.

"त्यो मंत्री बी खोटा, त्यो साहेब बी खोटा, म्हणतूस. मग गज्या, त्याचं ऐकलास कामून?"

काकी चहा घेऊन आली. मी एक कप काकांपुढं धरला, त्यांनी तो घेतला नाही.