देवासच्या बागेतले दोन घोडे

संस्थानं विलीन झाली, तरी देवासच्या लोकांच्या डोक्यातून थोरली पाती आणि धाकटी पाती ही राजघराण्याची वाटणी गेली नव्हती. एका गावात दोन राजे, रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा; अशी सवय पिढ्यान् पिढ्यांची.

बागेत मुलांना खेळता येईल असं शिल्प हवं होतं. मी धारहून आलो आणि सागवानी तुळईच्या दोन टोकांना दोन घोडे कोरले. मधे दगडी खांब. एक घोडा खाली गेला की दुसरा वर. भिंतींना चुना लावता लावता स्वतःच शिकलेलं माझं काम. कोणा उस्तादाचं नाव मागे नव्हतं. बागेच्या कमिटीशी पैशांची घासाघीस मी भरपूर केली, पण एक अट सोडली नाही. तुळई हलती राहील. हलली नाही तर ते नुसतं लाकूड.

कमिटीत दोन्ही पातींचे एकेक गृहस्थ होते. त्यांनी दोरी घेऊन घोड्यांचे कान, अयाळ, शेपट्या मापल्या. फरक सापडेना, तसा संशय वाढला.

"आमच्या पातीचा कोणता?" थोरलीच्या गृहस्थांनी विचारलं.

"दोन्ही पोरांचे."

"धारचे मिस्त्री गोड बोलतात," धाकटीचे म्हणाले. "पण भिया, आमच्याकडचाच घोडा खाली का? हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

रिकामी तुळई कुठे तरी कलणारच. मी ती दुसऱ्या बाजूला दाबली, तर थोरलीचे लाल झाले.

"अस्सं! आता आम्ही खाली?"

माझं डोकं फिरलं. "मग दोघं बसा, आणि काय ते ठरवा!"

आणि बसले की! थोरलीचे वजनदार, धपकन् खाली गेले. धाकटीचे अधांतरी, एक जोडा गळून पडला.

"त्यांना वर बसवलंत? आमच्या डोक्यावर?" खालचे ओरडले.

"भारदस्त ते, आणि आम्ही हलके, हेच दाखवायचं होतं ना?" वरचे ओरडले.

खाली उतरल्यावर मात्र दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही घोड्यांखाली विटांचे खांब उभे राहिले. पातळी लावून, अगदी समान. मी भांडलो, अटीची आठवण करून दिली. "झगडा नको, मिस्त्री," दोघं एका सुरात म्हणाले.

पोरं यायची, टाचा मारायची, घोडा हलत नाही म्हणून उतरून जायची.

त्या दोघांचं आधी कशावर कधी एकमत झालेलं कोणी सांगितलं नाही. माझं काम बंद पाडायला ते एका दिवसात कसं झालं, की आधीच ठरलं होतं, हा संशय माझ्या मनातून अजून जात नाही.