उलटं झाकण

आमच्या ताईचा हात पटकन उठायचा. एकदा भिंतीवरून उतरलेल्या एका म्हाताऱ्याने नको त्या पिंपात हात घातला, तर तिने लांब दांड्याचा लोखंडी डाव असा हाणला की त्याचं बोटच मोडलं. वर त्यालाच सुनावलं, "बोटाचं काय घेऊन बसलात? आतडी राहिली ना जागेवर!" मी शेजारीच भांडी घासत होते. माझ्या हातातला टोप सुटला.

मेजवान्यांचा हॉल होता आमचा. पुढे झुंबरं, मागे मी, सगळेच जिला ताई म्हणायचे ती आणि सहा पिंपं. पाहुण्यांनी टाकलेलं आणि पातेल्यात उरलेलं सगळं अन्न पिंपांत भरायचं आणि वर मोरी तुंबल्यावर टाकतात ती पांढरी पूड घालून ढवळायचं, हे ताईचं सोळा वर्षांचं काम. फुकट मिळतंय कळलं की दाराशी उपाशी माणसं जमतील आणि ती बघून पाहुण्यांची भूक मरेल, असं मॅनेजरचं म्हणणं. पुडीला वास नव्हता. अन्नावर पडली तर मीठच वाटावं.

पण भिंतीलगतच्या शेवटच्या पिंपात ताई कधीच पूड घालायची नाही. त्याचं झाकण ती उलटं ठेवायची. उलटं झाकण म्हणजे खायला हरकत नाही, हे भिंतीपलीकडे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात तिचा सख्खा धाकटा भाऊही होता. गोदामातलं काम सुटल्यापासून तो पलीकडेच राहायचा. बहिणीच्या घरी आयतं जेवायला त्याला लाज वाटायची, पिंपातलं खायला वाटायची नाही. माणसाचा ताठा कुठे जाऊन बसेल, काही नेम नाही.

मग ते सिनेमावाले आले. अन्नाच्या नासाडीवरून आणि गरीब-श्रीमंतीवरून चिमटे काढणारा छोटा माहितीपट करायचा होता त्यांना. दिग्दर्शक गोड बोलायचा. त्याने ताईच्या डोक्यावर आचाऱ्याची उंच पांढरी टोपी चढवली. "ताई, केकवर साखर भुरभुरवता ना, तशी टाका पूड. हसून हं!"

"मी कधी केक केलाय?" ताई म्हणाली, पण मॅनेजर उभा होता. तिने पाच पिंपांत पूड टाकली.

"सहावं राहिलं की!" दिग्दर्शक म्हणाला.

मॅनेजरने भुवया उंचावल्या. ताईने सहाव्यातही टाकली आणि सगळी झाकणं सरळ लावली. एक दिवस उपाशी राहिल्याने कुणी मरत नाही, असं माझ्या कानात पुटपुटून ती मुलाखत द्यायला आत गेली.

झाकणांची वरची बाजू गंजलेली होती, आतली चकचकीत. कॅमेरावाल्याने सहाही झाकणं उलटी केली. मी बघितलं. वाटलं, शॉट झाला की करतील सरळ. आणि मॅनेजरसमोर ताईचं गुपित कसं फोडू? मी तोंड मिटून ताट घासत राहिले. थू माझ्या जिंदगीवर.

भाऊ भिंतीवरून उतरला. दिग्दर्शकाने खुणेने सगळ्यांना गप्प केलं. अशी संधी मागून मिळत नाही ना! पूड टाकताना त्याने स्वतः पाहिलं होतं, पण त्याला वाटलं, मैदा असेल. खऱ्या गोष्टींचा सिनेमा करायला निघालेल्याला पूडच खरी वाटली नाही. मी "नको" म्हणून किंचाळले तोवर दोन घास पोटात गेले होते.

तो ओरडला तसं मी माणसाला ओरडताना कधी ऐकलेलं नाही. ओठांची सालं लोंबायला लागली, तोंडातून रक्त आणि फेस. ताई धावत आली, त्याचं तोंड नळाखाली धरलं, मला म्हणाली, "धर याला." मग तिने डाव उचलला. पहिल्या फटक्यात दिग्दर्शकाचा कान फाटला, दुसऱ्यात दात पडले. वॉचमनने तिच्या पाठीत काठी घातली, तर ती वळून त्याच्या मनगटाला चावली आणि मांस तुटेपर्यंत सोडलं नाही. टोपी अजून डोक्यावरच होती.

"बंद करू नकोस!" रक्त थुंकत दिग्दर्शक कॅमेरावाल्याला सांगत होता.

भाऊ वाचला. आवाज मात्र गेला, आता नुसतं फुसफुसतो. ताईची नोकरी गेली. सिनेमा आमच्याच हॉलमध्ये दाखवला. टोपीवाली बाई डाव घेऊन धावते तिथे बँडचं संगीत घातलं होतं आणि लोक खुर्चीवरून पडेस्तोवर हसले. मग सगळे जेवले. सहा पिंपं भरली. मी ताटं घासली, एकही फोडलं नाही.

परवा ताईकडे गेले होते. भाऊ आता तिच्याकडेच राहतो. तिने पेज वाढली, पण त्याने हात लावला नाही. ताईने त्याच्या ताटलीतला एक चमचा खाल्ला. तिच्या गळ्याखाली उतरेपर्यंत तो बघत राहिला, मग जेवायला लागला.

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज. झाकण मीच उलटं ठेवलं असं वाटतं त्याला. मी शंभरदा सांगितलं, मी नाही ठेवलं. पण मग कुणी ठेवलं म्हणून सांगू?"

ती आणखी पेज आणायला आत गेली. कॅमेरावाल्याचं नाव न घेता मी सांडलेली पेज पुसत राहिले. तिने पातेलं आणून त्याला वाढलं आणि पाणी भरायला बाहेर गेली. त्याने ताटली माझ्यापुढे सरकवली. मी एक चमचा खाल्ला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग विश्वासाने जेवू लागला.